उजव्या बाजूची खिडकी : एका जुन्या जीपच्या सरकत्या काचांच्या पुनर्जोडणीचे प्रकरण

साताऱ्याच्या औद्योगिक वसाहतीतील एका लहानशा गॅरेजमध्ये मे महिन्याच्या तिसऱ्या आठवड्यात एक जीप आली. तिच्या मागच्या बाकावर खताचे एक जुने पोते होते आणि त्या पोत्यात उजव्या बाजूची अख्खी सरकती खिडकी सुटी करून भरलेली होती : वर्तमानपत्रात गुंडाळलेल्या दोन काचा, ॲल्युमिनियमचे चार चॅनेल, म्हणजे काच ज्यांच्या खाचेत धावते त्या पट्ट्या, त्या खाचेत घालतात तो गोळा होऊन दगडासारखा कडक झालेला फेल्ट (जाड लोकरी कापड), दोन खटके आणि प्लास्टिकच्या डब्यात निरनिराळ्या मापांचे एकोणतीस स्क्रू. गाडीमालकांनी वर्षभरापूर्वी गाडी रंगवण्यासाठी एका कार्यशाळेत दिली होती. तेथे रंगासाठी दोन्ही बाजूंच्या खिडक्या उतरवल्या गेल्या, डावी परत चढली, उजवी काही केल्या चढेना, आणि शेवटी त्या जागी प्लास्टिकचा कागद चिकटवून गाडी मालकांच्या ताब्यात देण्यात आली. त्यांची मागणी एवढीच होती, की मृगाच्या आत खिडकी बसली पाहिजे.

मी नोकरीची सगळी वर्षे पत्राकाम शिकवण्यात घालवली आणि निवृत्तीनंतर या गॅरेजात मिस्त्रींच्या सोबतीला जाऊन बसतो. हे प्रकरण सविस्तर लिहून ठेवण्याचे कारण असे, की दोन तासांचे दिसणारे हे काम आम्हाला अठरा दिवस पुरले आणि त्यातील बरीचशी दिरंगाई माझ्या हातून झाली.

गाडी महिंद्राची, लांब चेसिसची, १९९६ सालच्या नोंदणीची. ती मूळची कापडी हूडची होती. पुढे कधीतरी तिच्यावर एका बॉडी बिल्डरकडून १८ गेजच्या, म्हणजे सुमारे १.२ मिमी जाडीच्या पत्र्याचा टप चढवला गेला. अशा टपाला कंपनीचा पार्ट नंबर नसतो, आकृतीचे पुस्तक नसते आणि एका टपाची खिडकी दुसऱ्या टपाला होईलच याची खात्रीही नसते. मालक राहतात साताऱ्यात, शेती बामणोलीच्या बाजूला, त्यामुळे गाडीचा नेहमीचा रस्ता यवतेश्वरचा घाट चढून कास पठारावरून जाणारा. सुमारे १,२०० मीटर उंचीच्या त्या पठारावर आषाढात पाऊस वरून कमी आणि आडवा जास्त येतो, आणि एप्रिल-मे महिन्यांत तांबड्या जांभ्याची धूळ गाडीच्या प्रत्येक फटीत जाऊन बसते. सरकत्या खिडकीची याहून कठोर परीक्षा मला तरी माहीत नाही.

पोत्यातील वस्तू आम्ही आधी एका चादरीवर मांडल्या. चार चॅनेलपैकी दोन लांब होते, दोन आखूड. लांब चॅनेलना तीन उभ्या पाळ्या (कडा) होत्या, म्हणजे शेजारी शेजारी दोन काचा धावतील असे दोन मार्ग. प्रत्येक मार्गाची मोकळी रुंदी ८ मिमी. आडव्या चॅनेलपैकी एकाच्या पाळ्या १० मिमी उंच आणि दुसऱ्याच्या २० मिमी उंच होत्या. पहिल्या कार्यशाळेची गाडी नेमकी येथे अडली असावी, कारण खोल चॅनेलच्या तळावर स्क्रूची ताजी भोके होती आणि त्यात वाळू होती. अर्थात तो खाली बसवण्याचा प्रयत्न झाला होता.

खोल चॅनेल नेहमी वर आणि उथळ चॅनेल खाली असतो, आणि त्यामागे साधे गणित आहे. आमच्या चौकटीची उंची ४१० मिमी, काचेची उंची ३९४ मिमी. काच आधी तिरकी करून वरच्या चॅनेलात पूर्ण वर सारायची. तेव्हा तिचा वरचा काठ ४०८ मिमीवर पोहोचतो आणि खालचा काठ १४ मिमीवर येतो. खालच्या चॅनेलची पाळी, २ मिमीचा तळ धरून, १२ मिमीवर संपते. म्हणजे काच पाळीवरून २ मिमीच्या सवलतीने आत येते, मग खाली सोडली की तळाच्या २ मिमी जाड पट्टीवर टेकते आणि तिचा वरचा काठ वरच्या चॅनेलात १० मिमी अडकून राहतो. दोन्ही चॅनेल उथळ असते तर काच आत गेली असती, पण वर तिला धरायला काहीच उरले नसते. चॅनेल उलटे लावले तर खाली बसलेली काच वरच्या पाळीपर्यंत पोहोचतच नाही. ज्याने हा टप पहिल्यांदा बांधला त्या कारागिराने हे सगळे कागद न करता डोळ्यांनी जमवले असणार, याचे मला मनापासून कौतुक वाटते.

काचा ओळखणे हे दुसरे काम. दोन्ही काचा ५६६ मिमी रुंद, ५ मिमी जाड, दिसायला जुळ्या. पुढची कोणती, मागची कोणती, आणि बाहेरची बाजू कोणती? टफन, म्हणजे तापवून मजबूत केलेल्या काचेच्या कोपऱ्यात जो शिक्का असतो तो सहसा बाहेरून सुलटा वाचता येतो, त्यामुळे बाजू ठरली. खटक्याचे छिद्र काचेच्या ज्या काठाजवळ आहे त्यावरून पुढची-मागची ठरली. आणि एका काचेच्या आतल्या बाजूला, काठापासून चार बोटे आत, बारीक समांतर ओरखड्यांचा एक पट्टा होता. तसाच पट्टा दुसऱ्या काचेच्या बाहेरच्या बाजूला होता. दोन काचा जेथे एकमेकींवरून सरकतात तेथे अडकलेल्या धुळीने वर्षानुवर्षे काढलेली ती रेघोटी होती. धुळीतील गारगोटीचे कण काचेपेक्षा कठीण असतात, हे त्या पट्ट्यावरून हात फिरवला की नखाला कळते. ओरखडे जुळवले आणि निष्कर्ष निघाला, की पुढची काच बाहेरच्या मार्गात आणि मागची काच आतल्या मार्गात धावत होती.

हे तसेच असायला हवे. गाडी पुढे जाताना वारा आणि पाणी काचेवरून मागे वाहते. पुढची काच बाहेर असली तर तिच्यावरून ओघळलेले पाणी मागच्या काचेवर पुढे निघून जाते, कौलारू छपरावर वरच्या कौलाचे पाणी खालच्या कौलावर पडते तसे. उलट मागची काच बाहेर ठेवली, तर तिचा पुढचा काठ वाऱ्याला तोंड करून उभा राहतो आणि मधल्या फटीत सुपाने भरावे तसे पाणी भरतो.

इतके समजल्यावर मला वाटले, की आता फक्त स्क्रू पिळायचे बाकी आहे. मिस्त्रींनी मात्र टेप काढला आणि चौकटीचे कर्ण मोजले. डावीकडच्या चौकटीचे कर्ण १,१७४ आणि १,१७२ मिमी भरले. उजवीकडचे भरले १,१७८ आणि १,१६९. नऊ मिलिमीटरचा फरक म्हणजे ११०० बाय ४१० च्या चौकटीत वरची पट्टी खालच्या पट्टीच्या मानाने सुमारे पाच मिलिमीटर सरकलेली होती. काच काटकोनातली, चौकट कललेली. उभ्या चॅनेलमध्ये काचेचा काठ वर घट्ट आणि खाली सैल बसणार हे उघड होते.

“सर, खिडकीत काही दोष नाही. तिचं घरच वाकडं झालंय,” मिस्त्री म्हणाले.

घर वाकडे होण्याची दोन कारणे सापडली. टप ज्या बोल्टांनी बॉडीवर आवळलेला असतो, त्यांच्या खाली रबरी पॅकिंग असते. उजव्या मागच्या कोपऱ्यातील पॅकिंग रंगकामाच्या वेळी गायब झाले होते आणि तो बोल्ट मात्र पूर्ण ताकदीने पिळलेला होता; त्यामुळे टपाचा तो कोपरा खाली ओढला गेला होता. दुसरे कारण छतावरचे कॅरिअर. बामणोलीहून परतताना त्यावर भाताची पोती यायची, आणि खिडकीच्या मधोमध चौकटीची उंची ४१० ऐवजी ४०६ मिमी भरत होती. या चार मिलिमीटरांमुळे काच टोकाला आत गेली असती, पण मध्यावर येताच अडकली असती, आणि ज्याने कोणी ती ढकलून पाहिली असेल त्याला दोष चॅनेलचा वाटला असणार. चॅनेलची एक पाळी पकडीने फाकवल्याच्या खुणा त्याच प्रयत्नातल्या असाव्यात.

गाडी सपाट फरशीवर उभी केली, चारही चाकांतील हवा सारखी केली, कॅरिअर उतरवले आणि टपाचे सर्व बोल्ट दोन-दोन आटे सैल केले. हे शेवटचे महत्त्वाचे आहे. एकच बोल्ट सैल केला तर उरलेले सगळे टपाला वाकड्या अवस्थेतच धरून ठेवतात. मग कोपऱ्यात ट्रकच्या जुन्या टायरच्या रबराचे ८ मिमी जाडीचे पॅकिंग कापून घातले आणि बोल्ट समोरासमोरचे, थोडे थोडे करून आवळले. कर्णांतील फरक नऊवरून तीनवर आला. मधला दाब काढण्यासाठी गाडीच्या तळावर लाकडी फळी टाकली, तिच्यावर बाटली जॅक ठेवला आणि वरच्या पट्टीला सागाच्या ठोकळ्याचा आधार देऊन ती हळूहळू ४११ मिमीपर्यंत उचलली. रात्रभर तसेच ठेवून सकाळी जॅक सोडला तेव्हा पट्टी ४१० वर स्थिरावली. पत्रा स्प्रिंगसारखा थोडा मागे येतो, म्हणून लागते त्यापेक्षा किंचित जास्त द्यावे लागते. पण ते किंचितच, नाहीतर छताला कुबड येते.

काचांवर जुन्या काळ्या फिल्मचे अवशेष होते. वाहनांच्या काचांवर अशी फिल्म लावण्यास सर्वोच्च न्यायालयाने २०१२ साली मनाई केल्यावर मालकांनी ती मधल्या भागातून ओरबाडून काढली होती, पण चॅनेलमध्ये लपलेले काठ तसेच राहिले होते. साबणाचे पाणी आणि ब्लेड यांनी ते काठ साफ करण्यात एक दुपार गेली. फिल्मपेक्षा तिचा सुकलेला डिंक जास्त जाड होता आणि काच जड सरकण्यात त्याचाही वाटा होता.

फेल्टच्या जागी काय घालावे, यावर आमचा वाद झाला. मालकांच्या मनात घराच्या खिडकीला लावतात तसे ॲल्युमिनियमचे सेक्शनच आणावे असे होते. त्यात चाके असतात, काच लोण्यासारखी सरकते, हे खरे आहे. पण घर हलत नाही. कासच्या रस्त्यावर ती चाके दर खड्ड्याला उड्या मारतील आणि काच खडखडत राहील, हे त्यांना पटवावे लागले. घराच्या खिडकीतून आम्ही एकच गोष्ट उसनी घेतली, ती म्हणजे वुल पाइल, ॲल्युमिनियम कामाच्या दुकानात रिळावर मिळणारी केसाळ पट्टी. मार्गाची रुंदी ८, काच ५, म्हणजे प्रत्येक बाजूला दीड मिलिमीटर मोकळे राहते. तेथे सुमारे अडीच मिलिमीटर उंचीचे पाइल दाबून बसते. आम्ही आधी दुकानात समोर दिसलेले पाच मिलिमीटरचे आणले आणि काच ढकलायला दोन्ही हात लागले. हुकाच्या वजनकाट्याने ओढून पाहिले तर काटा नऊ किलोवर गेला. बारीक पाइल लावल्यावर तीन किलोंत काम भागले. काचेचे स्वतःचे वजन पावणेतीन किलोच आहे.

येथे एक सूचना. चॅनेलमध्ये ग्रीस किंवा इंजिन ऑइल लावण्याची सवय अनेकांना असते. दोन दिवस काच छान पळते, तिसऱ्या दिवसापासून त्या तेलात धूळ मुरते आणि काचेला घासायची लेई तयार होते. शिवाय खनिज तेलाने बरीच रबरे फुगतात. फारच जड वाटले तर सिलिकॉन स्प्रे फडक्यावर मारून ते फडके फिरवावे, एवढे पुरे.

ॲल्युमिनियम आणि लोखंडी पत्रा यांची गाठ घालतानाही थोडा विचार करावा लागतो. हिवाळ्याच्या पहाटेपासून उन्हाळ्याच्या दुपारपर्यंत धातूच्या तापमानात पंचेचाळीस अंशांचा फरक धरला, तर ११०० मिमी लांबीचा ॲल्युमिनियम चॅनेल एक मिलिमीटरहून किंचित जास्त वाढतो आणि पत्रा त्याच्या निम्मा. उरलेल्या अर्ध्या मिलिमीटरला वाव नसेल तर चॅनेल मध्यभागी उचलला जातो. म्हणून मधल्या स्क्रूचे भोक गोल ठेवले आणि बाकीची कानशीने लांबट केली. स्क्रू स्टेनलेस, पण त्यांच्याखाली नायलॉनचे वॉशर, आणि चॅनेल व पत्रा यांच्यामध्ये रंगाचा पूर्ण थर. दोन वेगळे धातू ओलाव्यात एकमेकांना टेकले की ॲल्युमिनियमची पांढरी भुकटी व्हायला लागते, आणि जुन्या चॅनेलच्या तळाशी ती भुकटी आम्हाला चिमटीने उचलता आली होती.

सातव्या दिवशी काचा बसल्या. आतून काम करताना बाहेरच्या मार्गातली काच आधी जाते, आतली नंतर. क्रम चुकला तर सगळे उलटे काढावे लागते. दोन्ही काचा खाली टेकल्या, सरकल्या, खटके बसवायचे राहिले. खटक्याच्या छिद्रात नायलॉनची एक नळी असते, धातूचा स्क्रू काचेला टेकू नये म्हणून. पुढच्या काचेची नळी पोत्यात सापडली नाही. मिस्त्री बाजारातून आणतो म्हणाले. मी म्हणालो, तात्पुरता लोखंडी वॉशर लावून ठेवू, उद्या बदलू. वॉशर लावला आणि सवयीप्रमाणे शेवटचा पाव आटा जरा जोरातच दिला.

दुसऱ्या दिवशी दुपारी गाडी उन्हात उभी होती आणि आम्ही सावलीत डबा खात होतो. लवंगी फटाका फुटावा तसा आवाज झाला. जाऊन पाहिले तर पुढची काच जागेवर नव्हती. बाकावर आणि फरशीवर खडीसाखरेसारखे हजारो खडे चमकत होते आणि खटका तेवढा बोटभर काचेचा तुकडा धरून चॅनेलला लोंबत होता.

टफन काच सहाशे अंशांच्या वर तापवून हवेच्या झोतांनी एकदम थंड केलेली असते. तिचा पृष्ठभाग कायम दाबाखाली आणि पोट ताणाखाली असते, म्हणून ती मधोमध बसलेला फटका सहन करते. पण काठाला किंवा छिद्राच्या कडेला एखादा कठीण बिंदू टेकला आणि तेथून तडा पोटापर्यंत गेला, की सगळा साठलेला ताण एका क्षणात सुटतो. मी लावलेला वॉशर हाच तो बिंदू होता. उन्हाने फक्त निमित्त पुरवले. हे मी पत्राकामाच्या मुलांना कितीतरी वेळा सांगितलेले आहे.

नव्या काचेसाठी दुकानदाराने पाच मिलिमीटरची साधी काच लगेच कापून देण्याची तयारी दाखवली. आम्ही नाही म्हटले. साध्या काचेचे सुरे होतात आणि मागच्या बाकावर माणसे बसतात. वाहनाच्या काचेसाठी आयएस २५५३ या भारतीय मानकाचा दुसरा भाग आहे, तो याचसाठी. टफन केल्यावर काच कापता येत नाही, तिला छिद्रही पाडता येत नाही, त्यामुळे माप, कोपऱ्यांची गोलाई आणि छिद्राची जागा आधीच अंतिम करून द्यावी लागते. आम्ही हार्डबोर्डची तंतोतंत प्रतिकृती कापली, ती चॅनेलमध्ये सरकवून पाहिली, बाहेरच्या बाजूला ‘बाहेर’ असे लिहिले आणि कोल्हापूरला पाठवली. काच यायला सहा दिवस लागणार होते.

या रिकाम्या सहा दिवसांत मिस्त्रींचे लक्ष डाव्या खिडकीकडे गेले. ती बाहेरून अगदी नीटनेटकी होती. चॅनेलच्या बाहेरच्या बाजूने, खालून, कोपऱ्यांतून, सगळीकडे पारदर्शक सिलिकॉन भरलेले. मालकांची तक्रार होती, की तरीही पाणी आत येते. “पाऊस लागला की आमच्या मंडळी गाडीत छत्री उघडून बसतात,” असे त्यांनी पहिल्याच दिवशी सांगितले होते आणि आम्ही ते हसण्यावारी नेले होते.

मिस्त्रींनी लिटरभर पाणी घेऊन डाव्या खालच्या चॅनेलमध्ये हळूहळू ओतले. चॅनेल काठोकाठ भरला. आम्ही चहा पिऊन आलो, पाणी तसेच होते. मग त्यांनी गाडीला खांद्याने एक हिसका दिला, आणि ते पाणी आतल्या पाळीवरून थेट बाकावर सांडले.

चॅनेलच्या बाहेरच्या पाळीला तळाशी मूळची निचऱ्याची भोके होती. ती सिलिकॉनखाली गाडली गेली होती. भर म्हणून तळावर नवा फेल्ट अखंड पसरलेला होता, तो पाणी स्पंजासारखा धरून ठेवत होता. सिलिकॉनचे एक टोक उचकटले तर खालचा पत्रा बिस्किटासारखा फुगून सुटला. बांधकामात वापरतात ते स्वस्त सिलिकॉन, ज्याला ओले असताना व्हिनेगरसारखा आंबूस वास येतो, लोखंडाला मुळात चालत नाही. सुकताना त्यातून निघणारे आम्लच गंजाची सुरुवात करते. पण त्याहून मोठी चूक समजुतीत होती. सरकत्या खिडकीच्या काचा सरकण्यासाठी सैल असाव्याच लागतात, म्हणजे थोडे पाणी चॅनेलमध्ये येणारच. अशी खिडकी पाणी अडवून कोरडी राहत नाही, आलेले पाणी बाहेर सोडून कोरडी राहते. तिच्या सगळ्या फटी बुजवणाऱ्याने फक्त बाहेर जाणारी वाट बुजवलेली असते, कारण आत येणारी वाट, म्हणजे काचेलगतची फट, बुजवता येतच नाही.

मला प्रामाणिकपणे नोंदवले पाहिजे, की उजव्या बाजूलाही आम्ही बाहेरून सिलिकॉनची रेघ ओढायचे ठरवले होते आणि नळी आणून ठेवली होती. जुन्या चॅनेलची भोके रंगाने आणि भुकटीने बंद झालेली होती. ती आम्ही स्क्रूची निकामी भोके समजलो होतो. काच फुटली नसती तर आम्हीही तेच करून मोकळे झालो असतो.

उजवा खालचा चॅनेल पुन्हा उतरवला. बाहेरच्या पाळीत, तळाला अगदी लागून, ६ मिमी उंच आणि २० मिमी लांब अशा चार खाचा पाडल्या. जुनी भोके जेमतेम तीन मिलिमीटरची होती, आणि इतक्या बारीक भोकात पाण्याचा थेंब आपल्याच ताणाने पडद्यासारखा अडकून बसतो. आतल्या मार्गातले पाणी बाहेर यायला मधली पाळी आडवी येते, म्हणून तिच्यातही चार खाचा पाडल्या, पण बाहेरच्या खाचांच्या समोरासमोर नव्हे तर मधल्या मधल्या जागी, म्हणजे वारा सरळ आत घुसत नाही. तळाची अखंड पट्टी काढून २ मिमी जाड नायलॉनचे तुकडे लावले आणि प्रत्येक खाचेपाशी जागा मोकळी सोडली. चॅनेलच्या आतल्या काठाखाली एक मिलिमीटरची पट्टी सारली. २२ मिमी रुंदीच्या चॅनेलला त्यामुळे सुमारे अडीच अंशांचा उतार बाहेरच्या बाजूला मिळाला. या पट्टीने काच आत घेण्याची दोन मिलिमीटरची सवलत एकावर आणली, आणि शेवटी काचा बसवताना आम्ही दोघेही श्वास रोखून होतो. चॅनेल आणि पत्रा यांच्या सांध्यात तेवढे आंबूस वास नसलेले, न्यूट्रल प्रकारचे सीलंट भरले. सीलंटची खरी जागा तीच.

नवी काच आली. मिस्त्रींनी उन्हाचा पोलराइज्ड गॉगल लावून तिच्याकडे तिरके पाहिले आणि मलाही दाखवले : काचेत फिकट, ढगाळ ठिपक्यांची नक्षी दिसत होती. हवेच्या झोतांनी थंड होताना उमटलेला तो ताणाचा ठसा. साध्या काचेत तो दिसत नाही. खटक्याला नायलॉनच्या नळ्या, दोन्ही बाजूंना रबरी वॉशर, आणि स्क्रू हाताने जेवढा फिरेल तेवढाच. काचा बसल्यावर वरच्या चॅनेलात काचेच्या डोक्यावर जी सुमारे दहा मिलिमीटरची पोकळी उरते, तिच्यात आठ मिलिमीटरची रबरी पट्टी आतून सरकवली. ही पट्टी नसेल तर जी काच उचलून आत घातली ती कोणीही उचलून बाहेर काढू शकतो, आणि घाटातल्या एखाद्या खड्ड्यात ती आपोआपही निघू शकते. पट्टीची जाडी ठरवताना चौकटीची मधली उंची पुन्हा मोजली. ती ४०६ च राहिली असती तर पट्टीला जागाच उरली नसती.

तपासणी साधीच केली. चॅनेलमध्ये लिटरभर पाणी ओतले, ते पाऊण मिनिटात बाहेर गेले. नळाचा पाइप दाब न देता आधी खालच्या काठावर, मग बाजूंना, शेवटी वर असा दहा मिनिटे धरला. वरून सुरुवात केली तर पाणी कोठून शिरते ते कळत नाही. काचेच्या काठाला खडूची पूड लावून ती सरकवली आणि पाइलवर पांढरा पट्टा सलग उमटतो का ते पाहिले. मागच्या खालच्या कोपऱ्यात दोन बोटे जागा कोरी राहिली. कर्णांतला उरलेला तीन मिलिमीटरचा फरक तेथे बोलत होता. तेवढ्या जागेत पाइल दुहेरी केले. मृगाच्या आदल्या दिवशी गाडी गेली.

सप्टेंबरात ती पुन्हा आली, ब्रेकच्या कामासाठी. उजव्या बाजूचे बाक कोरडे होते. मालकांच्या सांगण्यानुसार गाडी उताराला, नाक खाली करून रात्रभर उभी राहिली तर पुढच्या कोपऱ्यात चमचाभर पाणी जमते. चारही खाचांपैकी सर्वांत पुढची खाच कोपऱ्यापासून नऊ सेंटिमीटर मागे असल्यामुळे ते होते, आणि कोपऱ्यातच पाचवी खाच पाडायला हवी होती. ती त्याच दिवशी पाडली. धूळ मात्र अजून येते, पण खिडकीतून नाही. चालत्या गाडीच्या मागे हवेचा दाब कमी होतो आणि मागच्या दाराच्या रबरातून धूळ आत ओढली जाते. ते रबर बदलायचे आहे.

गाडी त्यापूर्वी आठवडाभर अंगणात उभी होती. डाव्या खिडकीच्या चॅनेलमध्ये पाणी काठोकाठ होते आणि त्यात डासांच्या अळ्या वळवळत होत्या. ती खिडकी दिवाळीनंतर उघडायची असे ठरले आहे. मिस्त्रींनी तिच्या चौकटीचे कर्ण पुन्हा मोजून दाराच्या आतल्या बाजूला खडूने लिहून ठेवले आहेत, आणि मालकांना ते न पुसण्याची ताकीद दिली आहे.